पिनकोडला नेट आहे, घराला नाही: वाडीचा ब्रॉडबँड नकाशा घरच्या घरी कसा करायचा

कंपनीच्या वेबसाईटवर आमच्या गावचा पिनकोड टाकला की हिरवी टिक येते, सेवा तुमच्या भागात उपलब्ध आहे म्हणून. मी तीनदा बुकिंग केलं. तिन्ही वेळा बाईकवरून एक मुलगा आला, शेवटच्या पोलाखाली गाडी लावली, वर बघितलं, मग आमच्या घराकडे बघितलं आणि म्हणाला, "दादा, साडेचारशे मीटर तरी असेल, मधे एक पण पोल नाय, नाय होणार." पैसे परत आले. टिक मात्र अजून हिरवीच आहे.

गाव चिपळूण तालुक्यातलं, सात वाड्या, आणि पिनकोड एकच, तोही आजूबाजूच्या गावांत वाटून घेतलेला. बाजारपेठेत रस्त्याला लागून फायबर आहे, म्हणून अख्खा पिनकोड "कव्हर्ड". हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही बरं का. अमेरिकेत त्यांची एफसीसी, म्हणजे टेलिकॉमची सरकारी नियामक संस्था, बरीच वर्षं जनगणनेच्या ब्लॉकनुसार माहिती घ्यायची, ब्लॉकमधल्या एका घराला नेट मिळत असलं तरी सगळा ब्लॉक मिळतं म्हणून धरायचे, शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये घर-घर दाखवणारा नवा नकाशा आणला आणि त्यावर लोकांना हरकत घ्यायची सोयपण दिली. आपल्याकडे ट्रायच्या, म्हणजे आपल्या टेलिकॉम नियामक संस्थेच्या, २०२४ च्या नियमांनंतर मोबाईल कंपन्यांना कव्हरेजचा नकाशा साईटवर टाकावा लागतो, पण तो मोबाईलचा. फायबर कुठल्या पोलापर्यंत आलंय ते त्यात दिसणार नाही. म्हणून आम्ही दोघातिघांनी वाडीचा नकाशा स्वतःच केला. तो कसा केला, कुठे चुकलो, ते इथे लिहितोय, तुमच्या गावाला नाहीतर सोसायटीला वापरता येईल.

आधी एक ठरवून घ्या. "मिळतं" आणि "किती मिळतं" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि नव्वद टक्के लोक फक्त दुसऱ्याच्या मागे लागतात, कारण स्पीड टेस्टचं ते गोल मीटर बघायला मजा येते. पण ज्याच्या घरी नेटच नाही तो टेस्ट कुठून करणार? त्यामुळे लोकांच्या टेस्टवर बनलेल्या कुठल्याही नकाशात सगळ्यात वाईट घरं दिसतच नाहीत, तिथे नुसतं कोरं असतं, आणि कोरी जागा बघून माणूस समजतो तिथे जंगल असेल.

पहिला भाग, स्पीड नीट मोजणे

वायफायवर मोबाईल धरून टेस्ट मारली की तुम्ही लाईन नाही, वायफाय मोजता. आमच्याकडे घरं जांभ्या दगडाची, भिंती दीड-दीड फूट, राऊटर पडवीत कारण वायर तिथूनच आत येते, आणि माजघरात बसून लोक म्हणणार नेट स्लो आहे. पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल अशी एक भिंत जेमतेम पार करतो, दुसरीला गळपटतो, मग फोन गुपचूप २.४ वर जातो आणि स्पीड निम्म्याच्या खाली. त्यात काही फोन वायफाय कमजोर दिसलं की आपोआप मोबाईल डेटावर उडी मारतात, म्हणजे तुम्ही भलत्याच कंपनीचा स्पीड लिहून घेताय. टेस्टच्या आधी मोबाईल डेटा बंद, व्हीपीएन बंद, घरातला टीव्ही आणि पोरांचे गेम बंद.

खरी टेस्ट लॅपटॉपला लॅनची वायर लावून करायची. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर मिळतो, गिगाबिटचाच घ्या, का ते सांगतो.

माझ्या चुलतभावाने बाजारपेठेतल्या दुकानात २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला होता. टेस्ट केली की ९४. सकाळी ९४, रात्री ९४, कधी ९३.८. चार महिने हेल्पलाईनला भांडला, त्यांनी राऊटर रीस्टार्ट करायला सांगून सांगून याला वेड लावलं. मी गेलो तेव्हा आकडा बघूनच शंका आली, कारण खरोखर गर्दीमुळे स्लो असेल तर आकडा वरखाली नाचतो, असा एका जागी खिळून बसत नाही. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून पॅकेटची हेडरं वगैरे वजा जाता हातात ९४-९५च उरतात. विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगला लिंक स्पीड बघितला, १००/१००. लॅपटॉप गिगाबिट, राऊटर गिगाबिट, मग राहिली वायर. वायरचं टोक उजेडात धरून बघितलं तर आठपैकी चारच तारा क्रिम्प केलेल्या, बाकीच्या चार मागेच कापून टाकलेल्या. चार तारांवर १०० चालतं, गिगाबिटला आठही लागतात. साधी कॅट ५ईची तयार वायर आणली, १९६ आले. मग भाऊ म्हणतो, "चार महिन्यांचे अर्धे पैसे कोणाकडे मागू?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर वहीत टेस्टचा आकडा लिहायच्या आधी लिंक स्पीड लिहा. ही एक सवय लावलीत तर निम्मी भांडणं मिटतील.

टेस्ट कुठली वापरायची यावर लोक उगाच वाद घालतात. ऊकलाचं स्पीडटेस्ट एका वेळी बरीच कनेक्शनं उघडून लाईन भरून काढतं आणि जवळचा सर्व्हर स्वतः निवडतं, तो कधी कधी तुमच्याच कंपनीचा असतो, म्हणजे गाडी गल्लीतल्या गल्लीत फिरवून ॲव्हरेज काढल्यासारखं. त्यामुळे सर्व्हर हाताने निवडा, सगळ्यांनी एकच, आम्ही मुंबईचा एक ठरवला. गुगलवर स्पीड टेस्ट शोधल्यावर वर येतं ते एम-लॅबचं, ते एकाच कनेक्शनवर मोजतं म्हणून आकडा बरेचदा कमी येतो, ती चूक नाही, ते वेगळं काहीतरी मोजतंय. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सचं, त्यांच्याच सर्व्हरवरून मोजतं, त्यात "अधिक माहिती" दाबलं तर लाईन मोकळी असतानाचा आणि भरलेली असतानाचा असे दोन लेटन्सी, म्हणजे उत्तर परत यायला लागणारा वेळ, दिसतात. हा दुसरा आकडा लिहाच. मोकळ्या लाईनवर १२ मिलिसेकंद आणि कोणी फोटो अपलोड करायला लागला की ४००, अशी लाईन असेल तर डाऊनलोड १०० असूनही मीटिंगमध्ये तुमचा आवाज तुटणार. घरून काम करणाऱ्याला त्या मोठ्या आकड्यापेक्षा हा जास्त छळतो. कुठलीही टेस्ट घ्या, पण सगळ्या घरांत तीच घ्या. आणि एम-लॅबच्या टेस्टचा डेटा आयपी ॲड्रेससकट जाहीर होतो हे लोकांना सांगून टाका, कोणाला नको असेल तर नको.

आणखी एक, एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, डाऊनलोड होताना दिसतं ते मेगाबाईट, आठाने भागायचं. आमच्याकडे एका काकांनी १०० च्या प्लॅनला "१२ च येतात" असं शीटमध्ये भरलं होतं, त्यांचं नेट एकदम व्यवस्थित होतं.

वेळ. सकाळी सातला सगळ्यांचंच नेट पळतं. फायबरमध्ये एका जीपॉन पोर्टवर, म्हणजे कंपनीकडून निघणाऱ्या एका फायबरवर, स्प्लिटर लावून ३२ नाहीतर ६४ घरं वाटून घेतात, त्या सगळ्यांना मिळून खाली यायला सुमारे २.५ गिगाबिट, वर जायला १.२५. एवढ्यावर खरं तर चालून जातं, पण पुढे लोकल केबलवाल्याने वरून किती घेतलंय ते रात्री साडेनऊला कळतं, त्यात क्रिकेटची मॅच असेल तर विचारूच नका. आम्ही सकाळी ७, दुपारी ३ आणि रात्री ९.३० अशा तीन वेळा ठरवल्या, तीन दिवस, त्यात एक रविवार. प्रत्येक वेळी तीन टेस्ट आणि मधला आकडा लिहायचा. सरासरी काढू नका, एक टेस्ट फसली की सरासरी बोंबलते. ५, ८८, ९१ असे आले तर ८८ लिहा.

ज्यांना हौस आहे त्यांनी जुन्या लॅपटॉपवर ऊकलाचं कमांड लाईनवालं टूल टाकून दर तासाला आपोआप टेस्ट लावता येते. फक्त हिशोब करा, २०० च्या लाईनवर एका टेस्टला ३००-४०० एमबी सहज जातात, म्हणजे दिवसाला आठ-नऊ जीबी, एफयूपी, म्हणजे ठराविक डेटानंतर स्पीड कमी करायची अट, असेल तर महिनाअखेर तुमचीच लाईन गोगलगाय होईल. दिवसातून चार वेळा पुष्कळ झालं.

फायबरवाल्यांनी ओएनटीच्या, म्हणजे त्या पांढऱ्या डब्याच्या, सेटिंगच्या पेजवर जाऊन आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत किती प्रकाश पोचतो, ते पण बघून ठेवा. मायनसमधे डीबीएम असतो, -१८, -२२ असं काहीतरी. -२७ च्या आसपास गेला म्हणजे नेहमीच्या ओएनटीची हद्द संपली, लाल एलओएस (सिग्नल गेल्याचा) दिवा अधूनमधून लागायला लागतो. तीन डीबी घसरले म्हणजे प्रकाश निम्मा झाला, बहुतेक वेळा कुठेतरी फांदी घासतेय नाहीतर जॉईंटमध्ये पाणी गेलंय. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा लिहिला तर केबलवाल्याशी बोलताना तुमच्याकडे पुरावा असतो. फायबरचं टोक काढून डोळ्याने बघू नका, लेसर असतो, दिसत नाही पण असतो.

दुसरा भाग, कोणाला मिळतं आणि कोणाला नाही

हे काम फिरूनच होतं, दुसरा उपाय नाही. दोन रविवार लागले. आम्ही कोबोकलेक्ट ॲपवर मराठीत फॉर्म बनवला, ते रेंज नसतानाही भरता येतं आणि नंतर अपलोड होतं, आणि घराचं लोकेशन तिथल्या तिथे घेतं. लोकेशन अंगणात उभं राहून घ्या, कौलाखाली किंवा आंब्याखाली जीपीएस तीस-चाळीस मीटर भरकटतं, अचूकता दहाच्या आत आली की मग सेव्ह करा.

फॉर्म छोटा ठेवा. वाडी, कनेक्शन आहे का, असेल तर कशाचं (फायबर, एअरफायबर, जुनी तांब्याची टेलिफोन लाईन, की नुसतं सिमचं डोंगल), प्लॅन किती, महिन्याला किती भरता. आणि नसेल तर तिथे खरा प्रश्न, "मागितलं होतं का, आणि काय उत्तर मिळालं?" ह्या एका प्रश्नात नकाशाचा जीव आहे. आम्हाला आलेली उत्तरं बघा: "पोल नाय", "तुमच्याकडे दहा कनेक्शन झाली तर येतो", "वायरचे साडेसात हजार वेगळे", "मागितलंच नाय, मिळत नाय माहितीय ना". शेवटचं उत्तर सगळ्यात जास्त वेळा आलं. कंपनीच्या लेखी त्या घराला नेट नकोच आहे.

"मिळतं" कशाला म्हणायचं याचा नियम आधी ठरवून घ्या, नाहीतर शीटवर भांडणं होतात. आम्ही एफसीसीचाच उचलला: मागितल्यापासून १० कामाच्या दिवसांत, नेहमीच्या पद्धतीने जोडून देत असतील तरच मिळतं. साडेसात हजार वेगळे भरून मिळत असेल तर ते आमच्या लेखी मिळत नाही. तुम्ही वेगळा ठरवा, पण ठरवा आणि नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

स्पीडचं पण तसंच. आपल्याकडे २०१३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या ५१२ केबीपीएस होती, जानेवारी २०२३ मध्ये ती २ एमबीपीएस झाली. अमेरिकेने २०२४ मध्ये १०० डाऊनलोड, २० अपलोड अशी केली. दोन एमबीपीएस म्हणजे कागदावर ब्रॉडबँड, आणि घरात एक पोरगी ऑनलाईन क्लासला बसली की बाकीच्यांनी फोन खाली ठेवायचा. आम्ही आमच्यापुरती रेघ ३० वर मारली, दोन व्हिडिओ कॉल आणि एक टीव्ही एका वेळी चालला पाहिजे एवढ्या हिशोबाने.

ग्रामपंचायतीत जाऊन या. भारतनेटचं फायबर पंचायतीपर्यंत आणायची योजना आहे, २०११ मध्ये वेगळ्या नावाने मंजूर झालेली, बऱ्याच पंचायतींत त्याचा डबा भिंतीला लावलेला असतो. डबा असणं आणि चालू असणं वेगळं. दिवे बघा, चालू असेल तर तिथेही एक टेस्ट मारा, बंद असेल तर कधीपासून ते ग्रामसेवकाला विचारून तारीख लिहा. आमच्याकडचा डबा धड निघाला, पण त्याचा प्लग काढून त्या जागी पाण्याच्या फिल्टरचा लावलेला होता.

नकाशा

सोपा मार्ग गुगल माय मॅप्स, शीट इंपोर्ट केली की टाचण्या लागतात, एका लेयरला २००० ओळी चालतात, वाडीला काय गावालाही पुरतं. ज्यांना नीट करायचंय त्यांनी क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. शीट सीएसव्ही करून आत घ्यायची, एक्सच्या जागी रेखांश, वायच्या जागी अक्षांश, खाली ओपनस्ट्रीटमॅप. हे उलटं झालं तर घाबरू नका, सगळ्यांचं होतं. आमची पहिल्या वेळी सगळी वाडी नॉर्वेच्या वर समुद्रात जाऊन बसली होती, १७ आणि ७३ ची अदलाबदल. दुसरी गंमत, एका मुलाने हौसेने आकडे देवनागरीत टाईप केले होते, क्यूजीआयएसने ते अक्षरं म्हणून घेतले आणि त्या वाडीचा स्पीड सगळा रिकामा. इथे मी देवनागरी आकडे लिहितोय ते ठीक, शीटमध्ये इंग्रजीच टाका.

रंग चारच ठेवा. आमचे असे: मिळतं आणि रात्रीपण चालतं, मिळतं पण रात्री झोपतं, मिळतं म्हणतात पण देत नाहीत, आणि नाहीच. तिसरा रंग लाल. शेवटचा काळा. तो हीटमॅपचा पर्याय दिसेल, रंग एकमेकांत मिसळलेला, दिसायला भारी, हात लावू नका. तापमान एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत हळूहळू बदलतं, फायबर तसं नसतं. शेवटच्या पोलाच्या अलीकडे १००, पलीकडे शून्य. हीटमॅप मधल्या घरांना उगाच ५० देऊन टाकतो आणि तुम्ही कंपनीचीच चूक परत करता.

तुलनेला ऊकलाचा खुला डेटा घेता येतो, दर तिमाहीचा, २०१९ पासूनचा. तो झूम १६ च्या चौकोनांत असतो, विषुववृत्तावर एक चौकोन साधारण ६१० मीटरचा, आपल्याकडे पावणेसहाशेच्या आसपास. प्रत्येक चौकोनात डाऊनलोड, अपलोड, लेटन्सी, किती टेस्ट आणि किती फोन ते असतं. घरच्या नेटचा वेगळा लेयर आहे, पण लक्षात ठेवा तो जीपीएसवाल्या फोनमधल्या टेस्टचा आहे, म्हणजे पुन्हा वायफाय. आधी फोनांचा आकडा बघा, मग स्पीडचा. बाजारपेठेचा चौकोन ठीक होता. आमच्या वाडीच्या चौकोनात दोनच फोन होते, आणि त्यातला एक मीच असणार.

नकाशा ग्रुपवर टाकायच्या आधी नावं आणि फोन नंबर काढा, आणि अक्षांश-रेखांश तीन दशांशांपर्यंत तोडा, शंभरेक मीटरची ढिलाई येते. कोणाच्या घरी काय प्लॅन आहे आणि कोण मुंबईला असतं म्हणून घर बंद आहे हे सगळ्या तालुक्याला कळायची गरज नाही. मूळ शीट एकाकडेच ठेवा.

एवढं करून तो कोणाला दाखवायचा? कनेक्शन असलेल्यांनी स्पीडची तक्रार आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात करायची, डॉकेट नंबर घ्यायचा, नाही सुटली तर त्याच कंपनीच्या अपिलेट ऑथॉरिटीकडे, सोबत तीन दिवसांचे आकडे आणि लिंक स्पीडचा फोटो. कनेक्शन नसलेल्यांना हा रस्ता नाही, ते अजून ग्राहकच नाहीत. आम्ही प्रिंट काढून ग्रामसभेत लावली आणि दुसऱ्या दिवशी लोकल केबलवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने स्पीडचे आकडे बघितलेच नाहीत. लाल टिंबांवर बोट फिरवत म्हणाला, "ही सतरा घरं एकाच रस्त्याला आहेत काय?" हो म्हटलं. "मागितलंय सगळ्यांनी?" चौदांनी, म्हटलं, तारखा आहेत. कॅल्क्युलेटर काढला, चाळीस मीटरला एक पोल धरून अकरा पोल. पावसाळा संपू दे म्हणाला.

पावसाळा संपला, सात पोल उभे राहिले, शेवटचे चार रस्त्याच्या परवानगीत अडकलेत. मी परत सगळी घरं फिरून मोजली, अकरा घरं हिरवी केली, आमचं त्यात आलं, रात्री ९.३० ला ७२. वरच्या आळीतली सहा अजून लाल आहेत, आणि त्यातल्या काकी दर आठवड्याला विचारतात की त्यांचं टिंब कधी बदलणार.